लाल खुणेचा ग्लास

काखेत कांदा धरला की ताप चढतो, हा शोध ज्या कुणी लावला त्याला एकदा समोर बसवून दोन शब्द सुनवायची माझी फार इच्छा आहे. एकवीस वर्षं मी जालन्याच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात सिस्टर म्हणून काढली, आणि दर परीक्षेच्या आदल्या दिवशी माझा दवाखाना कांद्यानं घमघमायचा. "सिस्टर, अंगात लई कणकण करून राह्यली." मी म्हणायची, "आधी तो कांदा काढ. स्वयंपाकघरात चाचांना आमटीला लागतोय." पोरगं मुकाट्यानं कांदा टेबलावर ठेवून जायचं. एकवीस वर्षांत एकाचाही ताप कांद्यानं चढलेला मी पाहिला नाही, पण श्रद्धा काही ढळली नाही. एकानं तर मी पाठ वळवल्यावर थर्मामीटर चहाच्या कपात बुडवला. पारा पार टोकाला! मी त्याला म्हटलं, "बाळा, हा ताप म्हणजे तू मघाशीच गेलास. आता सर्टिफिकेट द्यायचं तर तुझ्या वडिलांनाच बोलवावं लागेल." तो पोरगा पुढं तहसीलदार झाला.

दवाखाना म्हणजे काय, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, औषधांचं कपाट आणि वजनकाटा. आतल्या खोलीत चार खाटा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा गावातून सायकलवर यायचे. बाकी पाच दिवस खोकला, खरूज, विंचू, प्रेमभंग, सगळं माझ्याकडं. ब्याण्णव पोरं होती. घनसावंगी, भोकरदन, अंबडकडच्या खेड्यांतली. कुणाच्या घरी दहा एकर, कुणाच्या घरी नुसते दहा हात. मराठे, माळी, वंजारी, मुसलमान, आणि छप्पन्न साली धर्म बदललेल्या घरांतली बौद्ध पोरं. पोरं मला तोंडावर सिस्टर म्हणत आणि पाठीमागं काढाबाई. मला ते ठाऊक होतं आणि पोरांना मला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं.

मी ब्राह्मणाघरची. आमच्यात तेव्हा बाई नर्स झाली म्हणजे काहीतरी अघटितच. सासूबाई बारा वर्षं मला आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. "कुणाकुणाला शिवून येतेस देव जाणे," म्हणायच्या. मी मनात म्हणायची, देवही जाणतो आणि मीही जाणते, ब्याण्णव जणांना. वाटायचं, आपल्या अंगात तर शिवाशिवीचा कणसुद्धा उरला नाही. फार तोरा होता मला त्याचा. तो कसा उतरला तेच सांगायचं आहे.

आधी फ्लूचं सांगते. लोक साध्या सर्दीलाही फ्लू म्हणतात. खरा फ्लू तसा नाही. सकाळी कबड्डी खेळलेला पोरगा दुपारी भिंत धरून चालतो. हाडं मोडून येतात, डोळे जळतात, ताप एकशे तीन. तीन-चार दिवसांत बहुतेक जण आपोआप उठून बसतात. ताप उतरायला गोळी, भरपूर पाणी, पेज आणि पडून राहणं, एवढंच आमच्या हातात. भीती पुढची. उतरलेला ताप पाचव्या-सहाव्या दिवशी परत चढला आणि धाप लागली, तर ते फुप्फुसावर गेलं समजायचं आणि डॉक्टरांना उठवून आणायचं. म्हणून सिस्टरचं खरं काम आजारी पोरापेक्षा त्याच्या शेजारच्या पोराकडं बघण्याचं. एक खोकला की चार जण पडतात. वसतिगृहात तर सोयच सोय: एका खोलीत पाच खाटा, थंडी म्हणून खिडक्या गच्च बंद, दोघांत एक रजई आणि पाचांत एक पंचा.

नोकरीला लागले त्याच वर्षी पहिली साथ आली. मी नवी, घाबरट. प्राचार्यांनी विचारलं, "काय करावं?" मी म्हटलं, "सर, पोरं घरी पाठवा." दोन दिवसांत वसतिगृह रिकामं. मला वाटलं, काय हुशार आहे मी! साथ गेली कुठं? एसटीत बसून गावोगाव गेली. हसनाबादकडचा गणपत म्हणून एक पोरगा होता, गणितात फार तल्लख. त्यानं नेलेल्या तापानं त्याचं घर झोपलं. आई आधीच अशक्त होती, ती गेली. मागं तीन लहान भावंडं. त्यांना भाकरी कोण घालणार? गणपत परत आला नाही. त्याची खाट मी जूनपर्यंत कुणाला दिली नाही. दवाखान्याच्या वहीत त्याच्या नावापुढं "बरा होऊन घरी गेला" असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ते पान उघडलं की मला माझाच राग यायचा, आणि अजून येतो.

आता आमच्या रांजणाविषयी. जेवणघराच्या दाराशी एक मोठा रांजण अर्धा पुरलेला होता आणि त्याच्यावर प्राचार्यांनी गेरूनं लिहून घेतलं होतं, "पाणी सर्वांचे एक". रांजणाच्या कडेला फळीवर दहा ग्लास. जो येईल त्यानं हाताला लागेल तो उचलायचा, बुडवायचा, तोंड लावून प्यायचा, पालथा घालायचा. जूनमध्ये नवी पोरं आली की पहिल्याच संध्याकाळी एक ग्लास भरून सगळ्या नव्या पोरांत फिरवायचे. मराठ्याच्या पोरानं बौद्धाच्या पोराचा उष्टा घोट घ्यायचा आणि त्यानं पुढं मुसलमानाच्या हाती द्यायचा. एखादं पोरगं अडखळायचं, घामाघूम व्हायचं, मग डोळे मिटून प्यायचं आणि सगळं जेवणघर टाळ्यांनी दणाणायचं. गावाकडं ज्यांच्या बापाच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतत होते, त्या पोरांना तो घोट काय असेल ते त्यांनाच ठाऊक. आमच्या वसतिगृहाचा तो मानबिंदू होता. आणि फ्लूच्या दृष्टीनं, खोटं कशाला बोलू, त्याच्यासारखी दुसरी मेजवानी नव्हती.

आणीबाणी उठली त्यानंतरच्या हिवाळ्याच्या शेवटाला, प्रॅक्टिकल तोंडावर असताना, एका सोमवारी सात नंबरच्या खोलीतली चार पोरं एकदम माझ्याकडं आली. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. ताप एकशे दोन, एकशे तीन. मी ओळखलं, आला बाबा पाहुणा. चौघांना आतल्या खोलीत झोपवलं आणि तडक जेवणघरात गेले. फळीवरचे चार ग्लास उचलले, वजनकाट्याला मारायला आणलेल्या रंगाचा डबा होता त्यातून प्रत्येकाच्या पोटावर लाल फुली मारली आणि आचाऱ्याला सांगितलं, "चाचा, हे चार फक्त आजाऱ्यांचे. बाकी कुणी हात लावायचा नाही. वेगळे ठेवा, खिडकीच्या कोनाड्यात."

चाचा म्हणजे आमचे शेखचाचा. पन्नाशीचे, दाढीला मेंदी, दोनशे माणसांची देग एकट्यानं उतरवणारे. त्यांनी ग्लास हातात घेतले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, एक बार सोच लो."

"त्यात काय सोचायचं? रोग आहे, चाचा."

"रोग तो बराबर है," एवढंच ते बोलले आणि ग्लास कोनाड्यात ठेवून आले.

सात नंबरच्या खोलीत पाचही पोरं बौद्ध होती. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त ताप होता. आणि माझ्या माहेरी, आमच्या माजघराच्या खिडकीच्या कोनाड्यात, कान तुटलेली एक कपबशी असायची. काही विशिष्ट माणसं आली की आई त्यांना त्यात चहा द्यायची, आणि पिऊन झालं की ती माणसं ती स्वतः विसळून परत तिथंच ठेवायची. ती कपबशी मी वीस वर्षं पाहिली होती. तरी "कोनाड्यात ठेवा" म्हणताना माझी जीभ जराही अडली नाही. बघा, माणूस किती आंधळं असतं!

मंगळवारी संध्याकाळच्या जेवणाला मी पेज न्यायला गेले तर जेवणघर चिडीचूप. एवढी पोरं शांत म्हणजे काहीतरी पेटलेलं. रांजणापाशी उत्तम साळवे उभा होता. सात नंबरमधला पाचवा, बरा असलेला. तीर्थपुरीकडचा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, काटकुळा, बोलायला लागला की थांबत नसे, पण त्या दिवशी हळू बोलत होता. त्याच्या हातात लाल फुलीचा ग्लास होता.

"सिस्टर, हे तुमी केलं?"

"हो. अरे, आजाऱ्यांचे आहेत ते."

"आजारी तर मागल्या महिन्यात पाटलाचा दिलीप बी होता. त्याला खोकला होता पंधरा दिवस. त्याचा ग्लास कुठं रंगीवला तुमी?"

दिलीपचा खोकला वेगळा होता, हे खरं होतं. पण त्या क्षणी ते मलाच खोटं वाटलं. उत्तमनं तो ग्लास रांजणात बुडवला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायला. मग म्हणाला, "वरती लिव्हलंय ते खरं का खोटं, आज बघून घेऊ. कोण पितंय?"

पाटलाचा दिलीपच पहिल्यांदा उठला. "आण हिकडं." तो प्यायला. मग माळ्याचा, मग वंजाऱ्याचा, मग सय्यद. ओळ लागली, ओळ! चारही फुलीचे ग्लास हातोहात फिरत होते आणि टाळ्या वाजत होत्या. मी पेजेचं पातेलं धरून दारात उभी. एका डोळ्यात पाणी येत होतं, कारण एवढं सुंदर दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि दुसऱ्या डोळ्यानं मी मोजत होते, की हा पडणार, हाही पडणार, अरे देवा, हाही!

शुक्रवारपर्यंत सत्तावीस पडले. उत्तम आणि दिलीप शेजारी शेजारी.

प्राचार्य माझ्याकडं आले. ध्येयवादी माणूस, खादी आणि काळी टोपी. त्यांचा चेहरा पार उतरलेला होता. "सिस्टर, पालकांची पत्रं यायला लागतील. मी उद्या कुलूप लावतो. मागं आपण तेच केलं होतं."

"मागं आपण चुकलो होतो, सर," मी म्हटलं. आवाज चढला माझा. "पोरं घरी गेली की ताप घरोघर जाईल. आणि प्रॅक्टिकल बुडालं की वर्ष बुडालं. यातली किती परत येतील, सांगता का?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत. रोज नवे किती आजारी पडले ते फळ्यावर लिहा. आकडा शून्यावर आला तर ठीक. नाहीतर सोमवारी सकाळी मी स्वतः कुलूप लावणार."

हे ऐकायला आत उत्तम जागाच होता. मी त्याच्या कपाळावर पट्टी बदलायला गेले तर तोंड भिंतीकडं. "उत्तम," मी म्हटलं, "मी चुकले." मी खाटेच्या कडेला बसले आणि त्याला माहेरच्या कोनाड्यातल्या कपबशीचं सांगितलं. तुटलेल्या कानासकट सगळं. आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बोलता बोलता रडू आलं, त्याचीही मला लाज वाटली नाही.

मग तो वळला. "सिस्टर, कुलूप लागलं ना, तर मी संपलो बघा. बापानं बियाण्याच्या प्लॉटावर मुकादमाला सांगून ठिवलंय माझ्या मजुरीचं. म्हणतो, लई शिकला आता. एकडाव घरी गेलो की परत येणं न्हाई माझं."

"मग मला मदत कर. ग्लास वेगळे केल्याशिवाय ही साथ थांबत नाही. आणि मी सांगितलं तर कुणी ऐकणार नाही."

तो डोळे मिटून पडला. मग म्हणाला, "लाल खूण सगळ्यांच्या ग्लासावर. ब्याण्णवच्या ब्याण्णव. सरांच्या बी, तुमच्या बी, चाचाच्या बी. आन् रांजण एकच ऱ्हाईल. पाणी एक, ग्लास ज्याचा त्याचा. मंग बोलतो मी पोरांशी."

मी उठून थेट प्राचार्यांकडं गेले. सर मला घेऊन रांजणापाशी आले, त्याच्यावरची आपली अक्षरं वाचली आणि म्हणाले, "उद्या ग्लास आणू." शनिवारी दुपारी भांडी गल्लीतून पोतं भरून जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, ग्लास आले आणि मी मांडी ठोकून लाल रंगानं आकडे काढायला बसले. खाटेचा नंबर तोच ग्लासाचा. त्र्याण्णव प्राचार्य, चौऱ्याण्णव मी, पंच्याण्णव चाचा. संध्याकाळी उत्तमला सतरंजीत गुंडाळून दोघांनी जेवणघराच्या खिडकीपर्यंत आणलं. तो बाहेर ओट्यावरूनच बोलला, तोंडाला पंचा लावून. "मंगळवारी आपण पिलो ते बिलकुल बराबर होतं. पण त्या पाण्यानं आपलीच सत्तावीस पोरं पडली. आता इथं कुणाचाच ग्लास वेगळा न्हाई, कारण सगळ्यांचाच वेगळा हाय." आणि मग माझ्याकडं बघून, "आन् सिस्टरनं माफी मागितली. म्या दिली. विषय संपला."

मग प्राचार्यांनी काय करावं? टोपी काढली, बाह्या सरसावल्या, लांब दांड्याचं ओगराळं घेतलं आणि रांजणापाशी उभे राहिले. ग्लास रांजणात बुडवायचा नाही. पोरांनी आपला ग्लास पुढं करायचा, सरांनी ओतायचं. पोरं ओळीनं आली, मराठा, बौद्ध, मुसलमान, ज्याचा जसा नंबर. सर प्रत्येकाला म्हणत होते, "घे बेटा." ओळ संपल्यावर उत्तमनं खिडकीतून हाक मारली, "सर, आता तुमाला कोण वाढणार?" दोन नंबर खोलीतल्या एका बौद्ध पोरानं सरांच्या हातातून ओगराळं घेतलं आणि त्र्याण्णव नंबरच्या ग्लासात पाणी ओतलं. सर उभ्यानंच प्यायले.

बाकीची तयारी माझी. वाचनालय रिकामं करून आजाऱ्यांना तिकडं हलवलं. चांगल्या पोरांच्या खाटा उलटसुलट लावल्या, एकाचं डोकं तिकडं तर शेजाऱ्याचे पाय, म्हणजे खोकला तोंडावर जात नाही. पहिल्या दिवशी "सिस्टर, याच्या पायाचा वास येतो" अशा तक्रारी. मी म्हटलं, "वासानं कुणी मरत नाही. पाय धुवा." खिडक्या थंडीतही उघड्या. चाचांच्या देगेत रोज ग्लास उकळायचे. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचा ताप बघायचा; तीन थर्मामीटर होते, एक पहिल्याच दिवशी फुटला.

आणि एक गोष्ट मला वहीवरून दिसली. आजारी सगळी पोरंच. मास्तर, वॉचमन, चाचा, मी, सगळे ठणठणीत. असं कसं? साथीत म्हातारी माणसं आधी पडतात. कारण कळत नव्हतं, पण कारणाची वाट बघायला वेळ कुणाला? मी सरळ नियम केला, आजाऱ्यांपाशी तिशीच्या आतला कुणीही जायचा नाही. मग आमचे इंग्रजीचे प्राध्यापक पेज भरवायला, वॉचमन पट्ट्या ठेवायला, आणि चाचा सगळ्यांवर मुकादम. प्राध्यापक एकदा मला म्हणाले, "सिस्टर, वर्गात ही पोरं माझं एक वाक्य ऐकत नाहीत, इथं घास घेताना आ करतात." पुढं बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, की तुम्हा मोठ्यांना लहानपणी असाच ताप येऊन गेला असणार, म्हणून तुम्ही वाचलात. मला तेव्हा एवढी मान ताठ झाली की विचारू नका. पुस्तक न वाचता बरोबर निघाले होते मी!

फळ्यावर रविवारी अकरा. सोमवारी नऊ. मंगळवारी सहा. पोरं जेवायला आली की आधी फळा बघायची. बुधवारी परत दहा.

दहाच्या दहा मागच्या बाजूच्या खोल्यांमधले. पाणी तेच, ग्लास वेगळे, खिडक्या उघड्या. मग? दिवसभर मी त्या खोल्या हुंगत फिरले. शेवटी चाचांनी मला मोरीमागं नेलं आणि काठीनं थोटकं दाखवलं. "बाई, ग्लास पंचानबे करोगे तो भी क्या फायदा? यहाँ बिडी एकच और मुँह आठ."

हाय रे कर्मा! मी तशीच मागच्या खोल्यांत शिरले. "बिडी कोण ओढतं ते मला विचारायचं नाही, वडिलांना कळवायचंही नाही. पण ओढायचीच तर ज्याची त्यानं ओढा! एकाच्या तोंडातली दुसऱ्यानं घेतली तर मी स्वतः येऊन विझवीन, आणि कुठं विझवीन ते सांगत नाही." एका सिस्टरनं वसतिगृहात उभं राहून असं बोलावं, हे कुठल्या नियमात बसतं ते मला माहीत नाही. प्राचार्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते फक्त खाकरले.

गुरुवारी सात. शुक्रवारी तीन. शनिवारी एक, आणि तोही कांदावाला निघाला! त्याचा कांदा मी उचलला आणि इतक्या आनंदानं चाचांच्या स्वयंपाकघरात भिरकावला की चाचा चमकले. फळ्यावरचा एक पुसला आणि शून्य लिहिलं. तरी अंतिम दिवस रविवारचा. रविवारी सकाळी एकूण एक पोराचा ताप बघितला. संध्याकाळी परत. दोन्ही वेळा ब्याण्णव-ब्याण्णवदा थर्मामीटर झटकून माझं मनगट सुजलं. एकही नवा नाही.

प्राचार्य जेवणघरात आले तेव्हा त्यांच्या हातात खरोखरच कुलूप होतं. दिलेला शब्द म्हणून आणलं होतं. त्यांनी फळा बघितला, कुलूप चाचांच्या हाती दिलं आणि म्हणाले, "हे कोठीला लावा, साखर कमी व्हायला लागलीय." पोरांनी जो कल्ला केला! भांडी वाजली, शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी मला खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची उचलली. मी ओरडत होते, "अरे मेल्यांनो, खाली ठेवा," आणि मला खाली यायचं नव्हतं. एकही पोरगा घरी गेला नाही. एकही दगावला नाही. नोकरीत पुढं प्रशस्तिपत्रं मिळाली, पण त्या खुर्चीची सर कशाला नाही.

उत्तमनं प्रॅक्टिकल दिलं, परीक्षा दिली आणि पहिल्या वर्गात पास झाला. निकालाच्या दिवशी त्याचे वडील तीर्थपुरीकडून आले. उन्हाचं चालून, डोक्याला मुंडासं, खाली नुसता गुडघ्यापर्यंत धोतराचा घोळ. दवाखान्याच्या पायरीशी थांबले, आत येईनात. "बाई, वाईच पाणी मिळंल का?" असं म्हणून खाली बसले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरली. सवयीनं. मला दाखवायला नव्हे.

उत्तम पाठीमागून आला. "दादा, हात खाली घ्या," एवढंच म्हणाला.

माझ्या टेबलावर माझा चौऱ्याण्णव नंबरचा ग्लास होता. तो द्यावा म्हणून मी उचललाही. मग थांबले. माझाच नियम होता, ज्याचा ग्लास त्यानंच प्यायचा. आणि यांना कुणाचा का द्यायचा? कपाटात कोरे ग्लास उरले होते. एक काढला, रंगाचा डबा उघडला आणि त्यांच्यासमोर बसून लाल आकडा काढला, शहाण्णव. फुंकर घालून वाळवला. "बाबा, आत या. खुर्चीवर बसा. हा तुमचा. या वसतिगृहात सगळ्यांचा असतो."

ते आत आले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. उत्तमनं रांजणातून पाणी आणून ओतलं. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, आकडा बघितला, पोराकडं बघितलं, आणि तोंड लावून प्यायले. मग आणखी एक घेतलं. जाताना ग्लास धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन गेले. मुकादमाचं नाव पुन्हा निघालं नाही. उत्तम पुढं शिकला आणि तीर्थपुरीच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर झाला.

त्या सुट्टीत मी माहेरी गेले तेव्हा कोनाड्यातली कपबशी उचलून टोपलीत ठेवली. आईनं विचारलं, "अगं, कुठं चाललीस ती घेऊन?" "फोडायला," मी म्हटलं, आणि अंगणात जाऊन फोडली. आई आठ दिवस बोलली नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा उत्तमच्या मुलीच्या लग्नाला तीर्थपुरीला गेले होते. उत्तमचे म्हातारे बाबा ओसरीवर बसलेले, दिसत जवळपास नव्हतंच. "काढाबाई आल्या का?" म्हणाले. म्हणजे घरोघर हेच नाव! सुनेला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं, आणि स्टीलचे चकचकीत ग्लास मांडलेल्या फळीवरून तिला नेमका तो आणायला लावला. जर्मनचा, ठिकठिकाणी पोचे आलेला. लाल आकड्यातला नऊ पुसत आला होता, सहा शाबूत होता.

मी हात पुढं केला नाही. "बाबा, हा तुमचा आहे. ज्याचा त्यानंच प्यायचा, नियम आहे."

बाबांनी ग्लास चाचपून माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्याच्याभोवती मिटवली. "तुमाला साथ आलीय का बाई?"

"नाही."

"मंग प्या की."

मी प्यायले.